रूपक काढून टाकलं तर मागे काय उरतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेपासून शिकवतात की रूपक हा अलंकार, म्हणजे भाषेचा दागिना. उतरवून ठेवला तरी आशय तोच. एम.ए.ला आल्यावर एका व्याख्यानात ऐकायला मिळालं की सगळी भाषा रूपकांचीच बनलेली आहे. त्यात विचारणारी मुलगी घरी अहिराणी बोलते, आणि एका पाहुण्याने तिला ऐकवलं की बोलीत गाणी असतात, म्हणी असतात, पण विचार करायचा तर प्रमाणभाषाच लागते. यातलं खरं काय, आणि परीक्षेत लिहायचं काय?

खानदेशातल्या महाविद्यालयांत अलंकार आणि अर्थविचार हेच विषय मी नोकरीभर शिकवत आलो आहे, तेव्हा निकाल आधीच सांगून टाकतो. पहिलं विधान चूक आहे, दुसरं अतिशयोक्ती आहे, आणि पाहुण्याचं म्हणणं खोडून काढायला जळगावच्या बाहेर जावं लागत नाही.

दागिन्यापासून सुरुवात करू. व्याकरणाच्या पुस्तकात रूपकाचं एक ठरलेलं उदाहरण असतं: लहान मूल म्हणजे मातीचा गोळा. आता हा दागिना उतरवा. मागे काय राहतं? ‘लहान मुलावर संस्कार होतात.’ बस. पण मूळ वाक्यात याहून कितीतरी जास्त होतं. गोळ्याला स्वतःची इच्छा नसते. हात फक्त कुंभाराचे चालतात. मडकं वाकडं झालं तर दोष कुंभाराचा. आणि एकदा भट्टीतून निघालं की बदल नाही, म्हणून जे करायचं ते लहानपणीच. एवढी सगळी बालमानसशास्त्राची भूमिका त्या गोळ्यातून बिनबोभाट आत येते. रावेरचा केळीवाला शेतकरी मात्र ‘मूल म्हणजे रोप’ असं म्हणेल. मग खतपाणी माझं, वाऱ्याला आडोसा माझा, पण वाढायचं काम रोपाचं, आणि घड त्याच्या वेळेलाच पडणार. पहिल्या वाक्यावर चालणारी शाळा आणि दुसऱ्या वाक्यावर चालणारी शाळा सारखी असणार नाही. ज्याच्या बदलाने वर्तन बदलतं त्याला दागिना कसं म्हणायचं?

गंमत अशी की रूपकाला शिव्या घालणाऱ्यांचंही त्याच्यावाचून चाललेलं नाही. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने 1690च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं की ज्ञानाच्या व्यवहारात अलंकारिक बोलणं म्हणजे निव्वळ फसवणूक. आणि त्याच ग्रंथात मन कसं असतं हे सांगताना तो म्हणतो, मन म्हणजे कोरा कागद! हा कागद काढून घेतला तर त्याच्या सिद्धान्ताला उभं राहायला जागा उरत नाही.

मग ‘सजावट’ ही कल्पना आली कुठून? आपल्याकडे ‘अलंकार’ हा शब्दच तसा आहे. तिकडे रोमन वक्ता सिसेरो याने इ.स.पू. 55च्या सुमारास वक्तृत्वावर लिहिताना वस्त्राचा दाखला दिला: वस्त्र आधी थंडीसाठी आलं, शोभेसाठी नंतर, तसं रूपक आधी शब्दांच्या टंचाईतून जन्मलं आणि मग लोकांना गोडी लागली. पुढच्या लोकांनी त्यातली शोभा तेवढी लक्षात ठेवली आणि टंचाई विसरली. सिसेरोने दिलेली उदाहरणं तर खेड्यातली आहेत. तो म्हणतो, द्राक्षवेलीला रत्नं लागली, पीक आनंदात आहे, असं गावकरीसुद्धा म्हणतात.

हे वाचलं की मला आमच्याकडची केळीची बाग दिसते. खोडातून घड बाहेर पडायला लागला की ‘केळी निसवली’. घडाच्या टोकाला लोंबतं ते जांभळं ‘कमळ’. केळी ओळीने चिकटलेली असतात ती ‘फणी’. घड चांगला की वाईट हे फण्या मोजून ठरतं. पहिला घड कापल्यावर बुंध्याशी आलेल्या पिलावर दुसरं पीक धरतात, ती ‘पिलबाग’. कमळ तळ्यातलं, फणी केस विंचरायची, पिलू कोंबडीचं नाहीतर मांजराचं. एकही शब्द शोभेसाठी आलेला नाही. फणीला फणी न म्हणता काय म्हणणार? दुसरा शब्दच नाही. तो काढून घेतला तर व्यापाऱ्याचा सौदा बंद पडेल.

इथे विद्यार्थी लगेच म्हणतात, सर, ही तर मेलेली रूपकं. मला हा शब्द पटत नाही. बहुतेक रूपकं मेलेली नसतात, झोपलेली असतात, आणि झोप किती गाढ आहे ते तपासायची एक साधी युक्ती आहे: रूपक थोडं ताणून बघा. ‘फणीचे दोन दात पडले’ असं कुणी बागेत म्हटलं तर लोक क्षणभर थांबतील, मग हसतील. म्हणजे झोप गाढ आहे. आता ‘वाद पेटला’ घ्या. ‘आणि तुझ्या काकाने त्यात घासलेट ओतलं.’ कुणीही थांबत नाही, सगळ्यांना समजतं. हे रूपक एका डोळ्याने जागंच आहे.

वादावरून आठवलं. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांचं 1980चं पुस्तक या विषयातला मोठा टप्पा मानतात, आणि ते योग्यच आहे. त्यांचं म्हणणं असं की रूपक शब्दांत नंतर येतं, आधी ते विचारात असतं. आपण एका अनुभवाची मांडणी दुसऱ्या अनुभवाच्या चौकटीत करतो आणि मग डझनावारी वाक्प्रयोग त्या चौकटीतून बाहेर पडतात. त्यांचं पहिलंच उदाहरण: वादविवाद म्हणजे युद्ध. आमचे विद्यार्थी हे उदाहरण पाठ करून जसंच्या तसं उत्तरपत्रिकेत उतरवतात. मला राग येतो तो याचा. जरा स्वतःच्या तोंडाकडे बघा ना! मराठीत वादाची ठिणगी पडते, वाद पेटतो, भडकतो, कुणी तेल ओततं, वरून शांत दिसला तरी आत धुमसत राहतो, शेवटी मोठी माणसं तो शमवतात. हल्ला चढवणं, माघार घेणं हे आपल्याकडेही आहे, वर्तमानपत्रात जास्तच आहे. पण ओट्यावरच्या बोलण्यात आगीचा वरचष्मा आहे. आणि त्याचे परिणाम बघा. युद्ध म्हटलं की कुणीतरी जिंकतं. आगीत कुणी जिंकत नाही, दोन्ही घरं जळतात. म्हणून गावात भांडण झालं की ‘कोण जिंकलं’ याच्या आधी ‘काडी कुणी लावली’ हे विचारतात. रूपकाने प्रश्नच बदलला.

अशीच मोठी वसाहत ‘खाणे’ या एका क्रियापदाभोवती आहे. माणूस मार खातो, बोलणी खातो, गटांगळ्या खातो, म्हणजे सोसतो; आणि तोच माणूस पैसे खातो, भाव खातो, दुसऱ्याचं डोकं खातो. सोसणं आणि लुबाडणं एकाच क्रियापदाच्या पोटात कसं राहतं, यावर कुणीतरी नीट प्रबंध लिहायला हवा. बाजारात कापसाचा भाव चढतो आणि पडतो, सोनं नरमतं, हे सगळं सोडून देतो. नमुने तुम्हीच गोळा करा, दिवसभरात वही भरेल.

आता दुसरं टोक. सगळी भाषाच रूपक? जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने 1873च्या एका लेखात सत्याला रूपकांची फिरती फौज म्हटलं आणि छाप झिजून गेलेल्या नाण्यांशी त्याची तुलना केली. वाक्य झोकदार आहे. पण सरसकट मान्य केलं तर ‘रूपक’ हा शब्दच निकामी होतो. ‘केळं पिकलं’ आणि ‘केस पिकले’ ही दोन वाक्यं घ्या. दुसरं समजायला पहिलं आधार देतं. उलट होत नाही. केस पिकण्याचा अनुभव नसलेल्या पोराला केळं पिकणं व्यवस्थित समजतं. हा एकेरी रस्ता आहे तोवर वाच्यार्थ, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, नावाची वस्तू आहे असंच म्हणावं लागतं. तिची हद्द धूसर आहे, काळाबरोबर सरकते, हे कबूल. गावाची शीव सरकते म्हणून गाव नसतंच, असं कुणी म्हणत नाही.

या हद्दीचा सगळ्यात काटेकोर विचार आपल्याच परंपरेत झालेला आहे, आणि तोच पाठांतरात सगळ्यात जास्त मारला गेलाय. अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने काव्यप्रकाशात लक्षणेच्या, म्हणजे शब्दाचा मुख्य अर्थ सोडून त्याला लागून असलेला अर्थ घेण्याच्या, तीन अटी दिल्या: मुख्य अर्थाला बाध यावा, दुसऱ्या अर्थाशी त्याचा संबंध असावा, आणि असं बोलण्यामागे रूढी किंवा प्रयोजन असावं. उदाहरण जगप्रसिद्ध: ‘गङ्गायां घोषः’, गंगेवर गवळ्यांची वस्ती. पाण्यावर वस्ती असू शकत नाही, म्हणून अर्थ काठावर घ्यायचा; गंगेची शीतलता, पावनता सुचवायची हे प्रयोजन. आपण ‘धुळं पांझरेवर वसलंय’ म्हणतो तेव्हा हेच करतो. (पांझरेचं आजचं पात्र पाहून कुणाला शीतलता, पावनता आठवेल असं नाही, पण ते असो.) एक ध्यानात ठेवा, हे रूपक नव्हे, इथला संबंध जवळपणाचा आहे. साम्याच्या संबंधातून येते ती गौणी लक्षणा, तिचं जुनं उदाहरण ‘गौर्वाहीकः’: वाहीक देशचा माणूस म्हणजे बैल. रूपकाचा तात्त्विक पाया इथे आहे. पेपरात दोन्ही उदाहरणं एकाच दावणीला बांधलेली मला दरवर्षी दिसतात.

आणि बैलाकडे जरा थांबूच. ‘तो बैल आहे’ म्हटलं की अक्कल नाही. ‘तो या घराचा बैल आहे’ म्हटलं की राबराब राबतो आणि कुणाला त्याची किंमत नाही. बैल एकच, पोळ्याला पुरणपोळी खाणारा. मॅक्स ब्लॅक या तत्त्वज्ञाने 1955मध्ये म्हटलं की रूपकात उपमानाभोवतीच्या (इथे बैलाभोवतीच्या) लोकसमजुतींची जाळी पुढे येते आणि त्या जाळीतून आपण उपमेयाकडे (इथे माणसाकडे) बघतो. काही दिसतं, काही झाकलं जातं. जाळीतली कुठली भोकं उघडी राहणार हे संदर्भ ठरवतो. शिवाय उलटा परिणामही होतो, माणसाला बैल म्हणता म्हणता बैलही थोडा माणूस होऊन बसतो. हे मम्मटाच्या ‘उपमान-उपमेयांतला अभेद’ या रूपकाच्या व्याख्येतून निसटतं. अभेद शेवटचं चित्र दाखवतो, घडामोड दाखवत नाही.

आता खरा अवघड प्रश्न. मुख्यार्थाला बाध येतो म्हणजे नेमकं काय होतं? बहुतेकांचं उत्तर: वाक्य शब्दशः खोटं ठरतं. मग हे वाक्य बघा. रात्री अकराला घरी येणाऱ्या मुलाला आई म्हणते, ‘हे घर आहे, धर्मशाळा नव्हे.’ शब्दशः घेतलं तर वाक्य शंभर टक्के खरं आहे! घर ते घर, धर्मशाळा ती धर्मशाळा. तरी ऐकणाऱ्या कुणालाही कळतं की इथे घरांचं वर्गीकरण चाललेलं नाही. म्हणजे खोटेपणा ही रूपकाची अट असू शकत नाही. पाश्चात्त्य चर्चेत हा पेच विसाव्या शतकात उशिरा ऐरणीवर आला. आपल्या नैयायिकांनी (न्यायशास्त्राच्या पंडितांनी) आणि वैयाकरणांनी तो आधीच हाताळला होता. त्यांचा दाखला दह्याचा: ‘काकेभ्यो दधि रक्ष्यताम्’, कावळ्यांपासून दही राख. वाक्यात काहीच विसंगत नाही, शब्द एकमेकांशी नीट जुळतात. पण म्हणून मांजर आलं तर बघत बसायचं का? सांगणाऱ्याचा हेतू शब्दशः अर्थात मावत नाही, म्हणून ‘कावळा’चा अर्थ ‘दही फस्त करणारा कुणीही’ इतका वाढवावा लागतो. यावरून निष्कर्ष निघाला की लक्षणेचं बीज अन्वय (शब्दांचा आपसातला संबंध) न जुळण्यात नाही, तात्पर्य (सांगणाऱ्याचा हेतू) न जुळण्यात आहे. सतराव्या शतकातल्या विश्वनाथाच्या भाषापरिच्छेद या न्यायग्रंथात हे स्वच्छ शब्दांत आहे, वैयाकरण नागेशभट्टानेही तेच धरून ठेवलं आहे. आईचं धर्मशाळेचं वाक्य या तत्त्वात अलगद बसतं.

पुढची पायरी अमेरिकन तत्त्वज्ञ डोनाल्ड डेव्हिडसनची. 1978च्या त्याच्या निबंधाने खळबळ उडवली होती. तो म्हणतो, रूपकाला शब्दशः अर्थाहून वेगळा कुठलाही अर्थ नसतो. रूपक काहीतरी बघायला लावतं, आणि जे दिसतं ते वाक्यांत पुरतं उतरवता येत नाही. यातला दुसरा भाग मला पूर्ण पटतो, पहिला नाही. पटत का नाही ते सांगतो. तापीकाठच्या एखाद्या गावात प्लॉट विकणारा दलाल म्हणतो, ‘प्लॉट तापीवरच समजा!’ नदी एक किलोमीटर लांब आहे हे त्यालाही माहीत असतं. ‘काठाजवळ’ एवढंच सांगायचं असतं तर त्याने तसंच सांगितलं असतं. ‘तापीवर’ म्हटल्याने गार वारा, बोअरला पाणी, संध्याकाळचं फिरणं, सगळं गिऱ्हाईकाच्या डोक्यात उभं राहतं, आणि लेखी काहीच दिलेलं नसतं. मम्मट याला प्रयोजन म्हणतो, आणि बजावतो की हे प्रयोजन अभिधेने (शब्दाचा सरळ अर्थ सांगणाऱ्या शक्तीने) कळत नाही, लक्षणेनेही नाही; त्यासाठी व्यंजना (सुचवणारी शक्ती) मानावी लागते. म्हणजे डेव्हिडसन जिथे ‘इथे अर्थ संपला’ म्हणून पाटी लावतो, तिथे ध्वनी, म्हणजे सूचित अर्थ, हा काव्याचा आत्मा मानणाऱ्या आनंदवर्धनाच्या परंपरेतले लोक ‘इथून अर्थाचा वेगळा व्यापार सुरू’ असं म्हणतात. उद्या प्लॉटवर पाणी लागलं नाही तर गिऱ्हाईक दलालाची गचांडी धरेल, ‘तूच म्हणाला होतास’ म्हणून. दलाल म्हणेल, मी कुठे म्हणालो? या भांडणात दोघांनाही थोडं थोडं बरोबर मानायचं असेल तर व्यंजनेवाचून गत्यंतर नाही.

राहिले पाहुणे. त्यांना विचारा, महाराष्ट्रातल्या पोराटोरांना येणारं ‘बत्तीस पिंपळांना एकच पान’ हे कोडं काय आहे? उत्तर दात आणि जीभ. उपमेय लपवून फक्त उपमान पुढे केलेलं हे रूपकच. झाड असून पान एकच, या विसंगतीने मुख्यार्थाला बाध आणला आणि डोकं कामाला लावलं. रूपकात कोडं दडलेलं असतं हे अरिस्टॉटलनेही नोंदवलं आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आज्या हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळत आल्या आहेत.

आणि जळगावच्या माणसाने बहिणाबाई चौधरींना (1880–1951) टाळून या विषयावर बोलायचं म्हणजे मुद्दाम वळसा घालणं झालं. आधी एक दुरुस्ती: त्यांची भाषा अहिराणी नव्हे, लेवा गणबोली, दोन्हींची सरमिसळ केली की दोन्हीकडचे लोक चिडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ ही ओळ घ्या (वढाय म्हणजे ओढाळ). मन भटकतं, हे झोपलेलं रूपक आपण रोज वापरतो. बाईंनी त्याला जागं केलं ते ‘उभ्या पिकातलं’ या दोन शब्दांनी. भटकणारं ढोर माळावर असेल तर काही बिघडत नाही. उभ्या पिकात शिरलं की चार महिन्यांची मेहनत त्याच्या पोटात. आणि ढोर दुष्ट नसतं, त्याला चटक लागलेली असते. हाकललं की जातं, पाठ वळली की परत येतं. गुराख्याला यावरचा उपायही माहीत असतो. अशा गुराच्या गळ्यात लोढणं अडकवतात. लाकडाचा ठोकळा असतो, तो गुराला बांधून ठेवत नाही, चरूही देतो, फक्त पळू देत नाही. आता प्रश्न आपोआप उभा राहतो: मनाला लोढणं कशाचं घालायचं? चांगल्या रूपकाची माझी कसोटी हीच आहे. कवीने न लिहिलेले प्रश्न त्यातून सुचायला हवेत, आणि ते प्रश्न उपमानाच्या जगात खरोखर पडणारे हवेत. ज्याने लोढणं पाहिलेलं नाही त्याला हा प्रश्न सुचत नाही. म्हणजे इथे विचार प्रमाणभाषेत आधी होऊन बोलीत उतरलेला नाही. तो गुरांमागे चालून आलेला आहे.

तुमच्या अहिराणीसाठी एक काम सांगतो. आजीजवळ बसा आणि राग, पैसा, लग्न, आजारपण या चार गोष्टींबद्दल ती जे शब्द वापरते ते लिहून घ्या. प्रत्येकापुढे एकच गोष्ट नोंदवा: हा शब्द मुळात कुठल्या कामातला? चुलीचा, शेताचा, पाण्याचा, जनावराचा, की बाजाराचा? मग बघा कुठल्या विषयाला कुठलं काम चिकटलंय आणि कुठलं मुळीच चिकटलेलं नाही. शब्दकोश समोर ठेवून हे करू नका, कोशात शब्द एकेकटे बसलेले असतात. टेपरेकॉर्डर दिसला की आजी प्रमाणभाषा बोलायला लागते, तेव्हा मोबाइल ठेवणारच असाल तर तिला आधी सांगून, पण नजरेआड ठेवा.

परीक्षेचं म्हणाल तर सेटला (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला) पर्याय निवडायचे असतात, तिथे तत्त्वज्ञान नको. उपमा म्हणजे सादृश्य, उत्प्रेक्षा म्हणजे संभावना, रूपक म्हणजे अभेद, अपन्हुती म्हणजे निषेध. खूण करा आणि पुढे चला. एम.ए.च्या दीर्घोत्तरी प्रश्नात मम्मटाच्या तीन अटी लिहा, पण ‘बाध म्हणजे वाक्य खोटं’ असं लिहू नका. कावळ्यांचं दही द्या आणि त्याला जोडून आईचं धर्मशाळेचं वाक्य द्या. गठ्ठाभर पेपरांत तेच ते गंगेवरचे गवळी वाचून परीक्षक कंटाळलेला असतो, आणि हे वाक्य बहुधा त्याच्याही घरात आठवड्याला एकदा म्हटलं जात असतं.